घाट चढत नाही म्हणून इंजिन बांधायचं, की गाडीच बदलायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे कुठे गैरसमज होत असेल तर इथेच कळेल. राजापूर तालुक्यात तुमची आंबा-काजूची बाग. गाडी २०१२ सालचा टाटा एस, आपला छोटा हत्ती, तुम्ही सेकंडहँड घेतलेला. पहिल्या मालकाने ती काही वर्षं मासळीला चालवली होती. गावात खत, चिरे, पेंढा, पेट्या सगळं हिच्यावरच, आणि हंगामात अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला पंधराएक फेऱ्या. घाटात आता पहिल्या गेअरशिवाय गाडी हलत नाही. फिटरने इंजिन उघडून नव्याने बांधायचे ५५ हजार सांगितलेत, चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि हौद्याच्या वेल्डिंगचे ३०. आहे तशी विकली तर ९० हजार देणारा गिऱ्हाईक आहे. भाड्याची पिकअप कोल्हापूरच्या फेरीला सात हजार घेते. वडील म्हणतात दुरुस्त कर, भाऊ म्हणतो कर्ज काढून मोठी पिकअप घेऊ.

दोघांपैकी चूक कोणीच नाही. पण दोघेही दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतायत. पहिला प्रश्न असा की गाडी आजारी आहे, की ती मुळातच या कामाला लहान आहे? आजारी असेल तर औषध आहे आणि ते बरेचदा स्वस्त असतं. लहान असेल तर ५५ हजार घालून तुम्हाला नवीकोरी लहान गाडी मिळेल, बस. महामार्गालगत गॅरेज चालवताना मी हे फार बघितलंय. इंजिन बांधून घेतात, पंधरा दिवस खूश असतात, आणि मग एका दुपारी फोन येतो, "अहो, घाटात अजून तसंच करते."

आकड्यांत बघू, कारण घाट आकड्यांनीच चढला जातो. तुमच्या एसचं इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर. कंपनीने मान्य केलेला माल ७५० किलो, आणि भरल्यावर गाडीचं एकूण वजन साधारण दीड टनाच्या जरा वर. पंधराला एक असा चढ धरला, तर एवढं वजन ताशी २० किलोमीटरने वर न्यायला चाकांवर नऊ-साडेनऊ हॉर्सपॉवर लागते. इंजिनच्या १६ मधली दोनेक गेअरबॉक्स आणि एक्सलमध्येच जातात. म्हणजे नवी गाडी, नियमात भरलेली, पंचवीस-तीसच्या वेगाने चढेल. आता त्याच गाडीत बाराशे किलो भरा. लागणारी ताकद बाराच्या घरात जाते, आणि तीही वीसच्या वेगाला. चौदा वर्षांच्या इंजिनने थोडी ताकद गमावलेली असतेच. मग उरतं काय? पहिला गेअर आणि तापलेला रेडिएटर.

आपल्याकडे नियमात भरलेली गाडी म्हणजे काय हेही विसरायला झालंय. जांभ्याचा नेहमीच्या मापाचा एक चिरा तीस किलोच्या आसपास, पावसात भिजलेला असेल तर जास्तच. पंचवीस चिऱ्यांत तुमचा हत्ती भरला. पाच-सहा डझनांची लाकडी पेटी वीस-बावीस किलो, म्हणजे पस्तीसेक पेट्या. तुम्ही फेरीला किती पेट्या भरता ते लिहिलेलं नाही. पण कोल्हापूरपर्यंत जाऊन पस्तीस पेट्यांवर थांबणारा बागायतदार मला तरी अजून भेटलेला नाही.

गाडीची ताकद मोजायला मी एकच माप वापरतो. भरलेल्या गाडीच्या दर टनाला किती हॉर्सपॉवर येते? तुमच्या एसला दहाच्या जवळपास येते, तीही कागदावरच्या मालासकट. बोलेरो पिकअपमध्ये अडीच लिटरचं इंजिन आहे, ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि भरली की ती तीन टनांची होते. अशोक लेलँडचा दोस्त असो की टाटाचा इंट्रा व्ही-३०, या वर्गातल्या गाड्यांना टनाला पंचवीसच्या आसपास हॉर्सपॉवर मिळते. हा फरक डिझेलचं नोझल बदलून, पंप साफ करून भरून निघणारा नाही. राजापूर बाजार, बाग, वखार, पाच-दहा किलोमीटरचे फेरे यांसाठी दहा पुरतात, याच कामासाठी ती गाडी २००५ मध्ये बाजारात आली होती. पण भरलेल्या मालाने अणुस्कुरा चढणं हे तिचं रोजचं काम नव्हे.

आता आजारपण. हे आधी तपासायचं, कारण यातले बरेच रोग हजार-दोन हजारांत बरे होतात आणि लक्षण मात्र "इंजिन गेलं" असंच देतात.

कोकणात माझा पहिला संशय कायम ब्रेकवर असतो. चार महिने पाऊस, त्यात लाल चिखल. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर धरतात, हँडब्रेकची केबल आतून गंजून अर्धवट ओढलेलीच राहते, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन जाम होतात. ड्रायव्हरला कळत नाही, कारण गाडी थोडी थोडी जड होत जाते. सपाटीला जेमतेम उतार असलेल्या जागी न्यूट्रल करून ब्रेक सोडा. गाडी आपणहून घरंगळली पाहिजे. नाही घरंगळली, तर थोडं चालवून आणा आणि चारही चाकांवर लांबून पाणी शिंपडा. एखादंच चाक चर्र करून वाफ काढत असेल तर तुमचा चोर तिथे आहे. हात लावून बघू नका, कातडी चिकटेल. अशा गाडीचं इंजिन बांधलेलं मी बघितलंय, आणि ब्रेक तसाच धरलेला.

दुसरा संशय हवेवर. चिरेखाणीच्या रस्त्यावर उडणारी तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते, वर दमट हवा, की तिचं लापशीसारखं लुकण होतं. फिल्टर झटकून परत घालतात, तसं करू नका, नवा टाका. डिझेल फिल्टरमध्ये पावसाळ्यानंतर पाणी साचतं, ते काढा. सायलेन्सर आतून कोसळून बंद झाला असेल तरी गाडी ओढत नाही. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, हा फरक कानाला कळतो. मागे कोणी मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर तेही बघा. मोठ्या टायरने गाडी सपाटीला पळते छान, आणि चढावर मार खाते.

हे सगळं ठीक निघालं तरच इंजिनकडे वळा. धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, नोझल-पंपाचं काम. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी थंड इंजिनला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चालतं. गरम झाल्यावरही पांढरा येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट किंवा हेडच संशयात. मग इंजिन चांगलं गरम करून चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवा. झाकण थरथरलं तर या वयाला ते चालायचंच. उड्या मारत खाली पडलं आणि तळहात धरल्यावर गरम ऑइलचे तुषार जोरात लागले, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, खाली जातंय. शेवटी फिटरला सांगा, इंजिन उघडण्याआधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून आकडे कागदावर लिहून दे. जो फिटर गेज न लावता ५५ हजारांचा आकडा सांगतो, त्याचा अंदाज बरोबरही असू शकतो, पण तो तुमच्या पैशांवर घेतलेला अंदाज आहे.

एक उपाय तुम्हाला हमखास कोणीतरी सुचवेल, पंपाचा स्क्रू वाढवायचा. नका करू. डिझेल जास्त पडतं, पहिले काही दिवस गाडी खेचल्यासारखी वाटते, पण हवा तेवढीच असल्याने ते पुरतं जळत नाही. काळा धूर, पीयूसीची बोंब, आणि घाटात इतकी उष्णता, की हेड गॅस्केट जायला एक उन्हाळा पुष्कळ होतो. मोठं इंजिन बसवून देणारेही आहेत. परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय असा बदल बेकायदा आहे. पासिंगला अडकाल ते अडकालच, अपघात झाला तर विम्याचाही वाद ओढवून घ्याल. आणि मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवून घेणं तर आपल्याकडे बदलच मानत नाहीत इतकं रुळलंय. पाटा वाढवला की गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून आणखी माल चढतो. पण ब्रेक, एक्सल, बेअरिंग तेवढेच राहतात. कोल्हापूरहून येताना तुम्ही पेंड किंवा खत भरून घाट उतरत असाल तर हा मुद्दा चढण्यापेक्षा मोठा आहे. सातशे सीसीचं इंजिन उतारावर गाडीला धरून ठेवण्यात फारसं काही करू शकत नाही. सगळा भार ब्रेकवर.

इथपर्यंत ताकदीचं झालं. पण तुमच्या गाडीचा निकाल इंजिनवर लागणार नाही, असं मला तुमच्या एका वाक्यावरून वाटतं. पहिल्या मालकाने ती मासळीला चालवली.

घाटावरचा फिटर गाडी बघताना आधी बॉनेट उघडतो. कोकणातल्याने आधी खाली झोपावं. इंजिन उतरवता येतं, बांधता येतं, जुन्या बाजारातून दुसरं आणता येतं. गंजलेली चासी यातलं काहीच ऐकत नाही. समुद्राची हवा, तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस आणि ओल धरून ठेवणारी लाल माती, हे तिन्ही आपल्याकडे आहेतच. त्यात मासळीची गाडी म्हटलं की चौथं कारण येतं. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी, ते हौद्याच्या फटींतून थेंब थेंब चासीवर पडतं, रोज, दिवसभर. पावसाने खालची बाजू निदान धुऊन तरी निघते. हे पाणी जोडांमध्ये शिरून तिथेच राहतं. साखरीनाट्याच्या, हर्णैच्या, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरांवरच्या गाड्या मी नंबर न बघताही ओळखतो. हौद्याचा पत्रा वरून रंगवलेला असतो आणि खालून चाळण.

तपासणी अशी करा. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने खालची सगळी माती काढा आणि एक दिवस वाळू द्या. मग लहान हातोडी घेऊन चासीच्या दोन्ही बाजू पुढून मागे ठोकत जा. निरोगी लोखंड टणटणतं. जिथे आवाज बसका होतो, थप असा येतो, तिथे थांबा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सडलेला भाग उलट फुगून जाड दिसतो. लोक फसतात ते इथेच. दाबलंत की खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात आणि आत कागदाएवढा पत्रा उरलेला असतो.

सगळ्या जागा सारख्या महत्त्वाच्या नाहीत. हौद्याचा तळ गेला तर घाबरू नका, पत्रा बदलता येतो, ती सरळ दुरुस्ती आहे. बॅटरीचा ट्रे, पायरी, मडगार्ड, फाळका, हे तर सोडूनच द्या. मी बघतो ते मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट चासीला जिथे बसतात ती जागा, मागच्या एक्सलच्या वरचा भाग, आडव्या पट्ट्यांचे जोड, स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलाय ते ठिकाण, आणि चासीला धरून मागे जाणारे ब्रेकचे पाइप. ब्रेकचा पाइप खरखरीत, फुगीर लागत असेल तर बाकी निर्णय नंतर, तो आजच बदला. पाट्याच्या ब्रॅकेटजवळ स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर माझ्या मते त्या गाडीवर आता इंजिनचा खर्च करायचा नाही. तिथे पट्टी मारून वेल्डिंग करून देणारे मिळतील, ३० हजारांत तेच बसलेलं असावं. पण पट्टीच्या मागे गंज जिवंत असतो, पाणी अडायला नवी जागा मिळते, आणि शेजारचा पातळ झालेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने आणखी कमजोर होतो. असा जोड एखाद-दुसरा पावसाळा काढतो. भरलेल्या गाडीचं वजन जिथून रस्त्यावर उतरतं ती ही जागा, तिथे मी पट्टीवर विश्वास ठेवत नाही. तेच चासीच्या मधल्या भागात एकाच ठिकाणी वीतभर गंज असेल, तर कापून, योग्य जाडीचं लोखंड घालून, आतून-बाहेरून रंग मारून घेतलेलं काम टिकतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा, हे अजूनही विसरतात.

कागद कोणालाच आवडत नाहीत, पण तुमच्या बाबतीत ते तोंडावर आलेत. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं आणि फिटनेस संपलं की कायद्याच्या लेखी नोंदणीही चालू राहत नाही. तुमची गाडी २०२७ मध्ये पंधरा पूर्ण करते. वय वाढेल तसं फिटनेसचं शुल्क चढतं, त्यात आपल्या राज्याचा पर्यावरण कर आहे. चालू आकडा परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा, एजंटच्या तोंडचा धरू नका. पंधरा झाल्यावर गाडी चालवायला बंदी होते असं नाही. पण दरवर्षी तपासणी, आणि तपासणीत गंजलेली चासी आली की मागची ८५ हजारांची दुरुस्ती कोणी विचारत नाही. शिवाय पंधरा ओलांडलेल्या गाडीला आजचे ९० हजार कोणी देणार नाही. जादा मालाचा दंडही हिशेबात धरा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो २० हजारांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. घाटाच्या तोंडाशी एकदा पकडलं की त्या फेरीचा सगळा नफा आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांचाही गेला.

आता भावाच्या बाजूने. मोठी पिकअप नवी घ्यायची तर रस्त्यावर येईपर्यंत आठ-दहा लाखांच्या घरात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे भावाने कोटेशन त्याआधी आणलेलं असेल तर ते फाडून नवं घ्या. समजा आठ लाख कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के. हप्ता १७,४०० च्या आसपास, वर्षाला दोन लाख नऊ हजार. त्यावर विमा वेगळा.

हप्ता बाराही महिने येतो. तुमची बाग बारा महिने पैसे देत नाही. मार्च ते मे आंबा, त्याच्या आगेमागे काजू, आणि जूनपासून गाडी पडवीत. मासळीवाल्यांचं पण तसंच, जून-जुलै बंदीचे दोन महिने गाड्या उभ्या. नव्या पिकअपचे हप्ते थकलेले मी बघतो ते ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या तोंडावर. गाडीचा त्यात काही दोष नसतो. म्हणून भावाला एकच विचारा, जून ते फेब्रुवारी ही गाडी काय कमावणार? त्याच्याकडे उत्तर असेल, म्हणजे चिरे-वाळूची ठरलेली वाहतूक, एखाद्या दुकानदाराचा नेहमीचा माल, गावातल्या इतर बागायतदारांच्या पेट्या भाड्याने, तर नवी पिकअप हा धंदा आहे आणि तो जरूर करावा. उत्तर "बघू, मिळेल काहीतरी" असं असेल तर ती हौस आहे. घरच्या मालासाठी तेवढं कर्ज मी काढलं नसतं.

तुम्हीच दिलेला आकडा घ्या. पंधरा फेऱ्या, सात हजारांप्रमाणे एक लाख पाच हजार. स्वतःची गाडी नेली असती तर डिझेल, टोल, ड्रायव्हर यांत फेरीला दोनेक हजार गेलेच असते. म्हणजे भाड्याचा खरा जादा बोजा सत्तर-पंचाहत्तर हजारांचा, तोही फक्त हंगामात, पैसे हातात येत असताना. शिवाय एका पिकअपमध्ये तुमच्या दोन हत्तींचा माल जातो. फेऱ्या पंधरावरून आठ-नऊवर येतील, आणि मग हा बोजाही निम्म्याच्या आसपास उतरला. तुमच्या घरात वडील आणि भाऊ भांडतायत ते दोन पर्यायांवर, पण तिसरा तुमच्याच प्रश्नात लिहिलेला आहे.

तर चासी धुऊन-ठोकून चांगली निघाली, तर इंजिन बांधू नका. ब्रेक मोकळे करा, फिल्टर, नोझल, क्लच बघा, पंधरा-वीस हजारांत जेवढी ताकद परत येते तेवढी घ्या, आणि गाडीला घाटाखालीच ठेवा. घाटावरचा माल भाड्याच्या पिकअपने. कॉम्प्रेशन खरोखरच गेलेलं असेल, चासी मात्र घट्ट असेल, आणि गावातल्या गावातही ती ओढत नसेल, तेवढ्या एकाच परिस्थितीत ५५ हजारांना अर्थ आहे, कारण २०२७ नंतरही ती दोन-तीन वर्षं पासिंग काढू शकते. चासी पाट्यांजवळ गेलेली असेल, तर ९० हजार देणाऱ्याला गंजाचं खरं सांगून देऊन टाका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर पैसे कमी येतील, पण तिथून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा कागद) नवी व्यावसायिक गाडी घेताना मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. नवीच घेणार असाल तर दोन्ही हिशेब शेजारी मांडून बघा.

नवी आणि भाड्याची यांच्या मधे सेकंडहँड पिकअप येते, पाच-सहा वर्षांची. मला तुमच्यासाठी तो मार्ग पुढच्या वर्षीचा वाटतो, या वर्षीचा नाही. घ्यायची तर पावसाळ्यात घ्या. फेब्रुवारीत आंब्याच्या तोंडावर सगळ्यांनाच पिकअप हवी असते आणि भाव तसे चढलेले असतात. विकायची मात्र तेव्हाच. शक्यतो कोल्हापूर-सांगलीकडची गाडी बघा. तिकडच्या गाडीचे पाटे आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) घासलेले असतील, उसाच्या हंगामात रगडलेली असेल, पण चासीला गंज कमी असतो, आणि घासलेलं बदलता येतं. गाडीखाली ताजा काळा रंग दिसला तर किंमत बोलायच्या आधी तो खरवडा. हौद्याच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी पांढरट क्षार दिसतोय का ते बघा. मासळीचा वास फिनेलने जातो, क्षार जात नाही.

बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची गाडी घेणार असाल तर एक लक्षात घ्या. तिचं दुखणं कळायला स्कॅनर लागतो, तुमच्या वाडीवरच्या फिटरचा कान पुरत नाही. डिझेल बीएस-६ मध्ये धुरातली काजळी धरणारी जी फिल्टर असते, तिला मधूनमधून लांब पल्ल्याचं पळणं हवं असतं. बाग ते वखार एवढ्याच फेऱ्या मारल्या की ती तुंबते. जुन्या बीएस-३ पिकअपला हे त्रास नाहीत, पण तिचं वयही तुमच्या हत्तीच्या जवळ आलेलं असणार. परवान्याची काळजी मात्र करू नका. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

जुनी ठेवायची ठरली तर पावसाआधी चासी धुऊन, वाळवून, गंज घासून तिच्यावर प्रायमर आणि रंग मारून घ्या. जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ते काम करतं हे मी नाकारत नाही. पण रबरी बुश, ब्रेकचे होज आणि ड्रम यांच्या जवळ ते जाता कामा नये. रबर फुगतं, ब्रेक घसरतो. आणि पडवीत गाडी मातीवर उभी करू नका, खाली फरशी किंवा चिरे टाका. जमिनीतून येणारी ओल चार महिने चासीला लागत राहते.

आणि विकायची ठरली तर चावी देताना नुसत्या स्टँपपेपरवर थांबू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी समोरच्याच्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवा. तोवर ती परिवहन कार्यालयाच्या दप्तरी तुमचीच आहे, आणि तिने अणुस्कुऱ्यात जादा माल भरून काही केलं तर नोटीस तुमच्या घरी येईल.